एकाच होस्टवर दोन व्हीएम, एकात केव्हीएम-क्लॉक आणि दुसऱ्यात एचपीईटी, गेस्टला हायपरवायझर ओळखू येतो तरी कसा?

रात्रपाळी

मंडळी, चार दिवस याच्याच मागे आहे, आता तुम्हीच सांगा. एकाच होस्टवर (म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवर) माझे दोन लिनक्स व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच गेस्ट) आहेत, दोन्हीत तोच डिस्ट्रो, तोच ६.१ कर्नल, तेवढेच ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर). फरक एवढाच की दुसरा व्हीएम कुणीतरी आधी बनवून ठेवलेल्या वेगळ्या टेम्प्लेटवरून काढलाय. दोन्हीवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे. पहिल्यावर सगळं मस्त. दुसऱ्यावर साधी क्वेरी बरी चालते पण तीच एक्सप्लेन अॅनालाइझ (क्वेरीच्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मोजणारी आज्ञा) लावून चालवली की दोन सेकंदांची क्वेरी सतरा सेकंद घेते. आधी वाटलं डिस्क, मग वाटलं मेमरी, शेवटी एस-ट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला जे सिस्टम कॉल करतो ते दाखवणारं टूल) लावला तर क्लॉक_गेटटाइमच्या सिस्टम कॉलचा नुसता पाऊस. पहिल्या व्हीएमवर हा कॉल एस-ट्रेसमध्ये दिसतही नाही.

मग करंट_क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळेसाठी कोणतं घड्याळ वापरतो ते, बघितलं. पहिल्यात केव्हीएम-क्लॉक (केव्हीएम या हायपरवायझरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेलं घड्याळ), दुसऱ्यात एचपीईटी (टायमर चिपचं घड्याळ), आणि उपलब्धच्या यादीत पण फक्त एचपीईटी आणि एसीपीआय_पीएम. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) बूट झाल्यावर तासाभराने वॉचडॉगची ओळ आलीये की टीएससी (प्रोसेसरचा स्वतःचा काउंटर) अनस्टेबल ठरवला कारण स्क्यू, म्हणजे दुसऱ्या घड्याळाशी फरक, फार आहे. आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे झाला, सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट (आपण कशावर चाललोय ते सांगणारी आज्ञा) पहिल्यावर ‘केव्हीएम’ सांगतं आणि दुसऱ्यावर ‘क्यूईएमयू’ (व्हीएमचं हार्डवेअर सॉफ्टवेअरने उभं करणारा प्रोग्रॅम). म्हणजे दुसरा व्हीएम नुसत्या सॉफ्टवेअर इम्युलेशनवर चाललाय का? पण मग कंपाइल वगैरे दोन्हीवर सारख्याच वेळात कसं होतं? कर्नलच्या कॉन्फिगमध्ये केव्हीएम_गेस्ट चालू आहे, दोन्हीकडे तोच कर्नल आहे. एखादं मॉड्यूल लोड करायचं राहिलंय का? मला मुळात हेच कळत नाहीये की गेस्टला हे सांगतं कोण.

गतीवेडा

कर्नलच्या बूट लाइनमध्ये क्लॉकसोर्स=टीएससी आणि टीएससी=रिलायबल टाका, रीबूट करा, काम संपलं. आमच्याकडे असंच चालवतो.

कर्नलवाला

गतीवेडा भाऊ, हे करू नका आणि दुसऱ्याला सांगूही नका. वॉचडॉगने टीएससी उगीच बाद केलेला नाहीये, त्याला दोन घड्याळांत फरक दिसला म्हणून केला. कदाचित होस्टवर गर्दी होती आणि व्हीसीपीयू मध्येच थांबवला गेला म्हणून तसं वाटलं असेल, पण रिलायबल म्हणून डोळे झाकले तर उद्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट झाला, तिथल्या टीएससीची फ्रिक्वेन्सी वेगळी असली आणि हार्डवेअरमध्ये टीएससी स्केलिंग नसलं तर वेळ हळूहळू सरकत जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. डेटाबेसच्या सर्व्हरवर तर हे अजिबातच नको.

रात्रपाळी, आधी मनातून काढून टाका की हा व्हीएम इम्युलेशनवर आहे. इम्युलेशनवर असता तर कंपाइल कित्येक पट हळू झालं असतं. केव्हीएम चालूच आहे, फक्त तुमच्या गेस्टला ते *सांगितलेलं* नाहीये. मॉड्यूलचा प्रश्न नाही, ही ओळख कर्नल अगदी सुरुवातीला, बूट होताना करून घेतो.

आता कोण सांगतं ते. एक्स८६ वर सगळी सुरुवात सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शनने होते, म्हणजे प्रोसेसरला ‘तू कोण, तुला काय येतं’ असं विचारणं; प्रश्नाचा नंबर म्हणजे लीफ, आणि उत्तर ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स या रजिस्टरमध्ये येतं. इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टने सीपीयूआयडी चालवली की दरवेळी व्हीएम-एक्झिट (गेस्ट थांबून ताबा होस्टकडे जाणं) होतोच, तो बंद करायची सोयच नाही, त्यामुळे उत्तर काय द्यायचं हे पूर्ण होस्टच्या हातात. पहिली खूण लीफ १ मध्ये, ईसीएक्सचा ३१ वा बिट. खऱ्या प्रोसेसरवर हा बिट कायम ० असतो, हायपरवायझर तो १ करतो. प्रॉक-सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्समध्ये ‘हायपरवायझर’ असा शब्द दिसतो तो हाच. पण याने फक्त एवढंच कळतं की आपण व्हीएममध्ये आहोत, कोणाच्या ते नाही.

कोणाच्या हे कळायला लीफ हेक्स ४००००००० विचारायची. ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स या तीन रजिस्टरमध्ये मिळून १२ अक्षरांची सही येते. केव्हीएमची सही म्हणजे ‘केव्हीएम’ तीनदा आणि पुढे तीन शून्य बाइट, व्हीएमवेअरचं नाव दोनदा, मायक्रोसॉफ्टची ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’, झेनची पण वेगळी. लिनक्स फक्त तिथेच बघून थांबत नाही, ४००००००० पासून ४००१०००० पर्यंत हेक्स १०० च्या टप्प्याने शोधत जातो, कारण एकच हायपरवायझर दोन चेहरे दाखवू शकतो.

सही जुळली की पुढची लीफ, म्हणजे सही सापडली त्या लीफमध्ये एक मिळवून येणारी, तिच्या ईएएक्समध्ये फीचर्सचे बिट असतात. बिट ० जुना क्लॉकसोर्स, बिट ३ नवा क्लॉकसोर्स, बिट ४ असिंक पेज फॉल्ट, ५ स्टील टाइम (व्हीसीपीयूला काम असूनही होस्टने थांबवून ठेवलेला वेळ), ६ पीव्ही-ईओआय (पीव्ही म्हणजे पॅराव्हर्च्युअल, गेस्ट आणि होस्टने मिळून केलेली सोय), ७ पीव्ही-अनहॉल्ट म्हणजे स्पिनलॉकवाला, ९ टीएलबी फ्लश (मेमरीच्या पत्त्यांचा कॅश रिकामा करणं), ११ पीव्ही-आयपीआय (एका व्हीसीपीयूने दुसऱ्याला दिलेला इशारा). ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे की इथे कुठेही ‘केव्हीएम व्हर्जन अमुक असेल तर’ असलं काही नाही. एकेक सोय, एकेक बिट. होस्ट जुना असेल तर बिट नाही, गेस्ट जुना असेल तर त्याला त्या बिटचा अर्थच माहीत नाही म्हणून तो तिकडे बघत नाही, दोघांचंही काही बिघडत नाही.

आणि बिट दिसला म्हणजे सोय चालू झाली असंही नाही. बिट म्हणजे फक्त ‘हवं असेल तर माग’. मागायचं कसं ते केव्हीएम-क्लॉकवरून बघा. गेस्ट स्वतःच्या मेमरीत एक छोटीशी जागा बाजूला काढतो, तिचा फिजिकल पत्ता घेतो, शेवटचा बिट १ करतो आणि तो आकडा हेक्स ४बी५६४डी०१ या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये) लिहितो. (४बी, ५६, ४डी म्हणजे आस्कीमध्ये के, व्ही, एम. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.) असा एमएसआर खऱ्या प्रोसेसरमध्ये नाहीच, त्यामुळे लिहिलं की एक्झिट होतो, केव्हीएम तो पत्ता टिपून ठेवतो आणि तिथून पुढे त्या जागेत स्वतः माहिती भरत राहतो. अमुक टीएससी आकड्याला सिस्टमची वेळ अमुक होती, आणि टीएससीचे नॅनोसेकंद करायला एवढ्याने गुणा, एवढं शिफ्ट करा.

मग गेस्टला वेळ हवी असेल तेव्हा तो होस्टकडे जातच नाही. टीएससी वाचतो, त्यातून नोंदलेला आकडा वजा, गुणाकार, बेरीज, झालं. मध्येच होस्टने माहिती बदलली तर काय? त्यासाठी त्याच जागेत एक व्हर्जन नंबर असतो, तो विषम असेल तर होस्ट लिहितोय असं समजायचं, आणि वाचायच्या आधी नि नंतर नंबर वेगळा निघाला तर परत वाचायचं. होस्टने स्टेबल बिट दिला असेल तर हे सगळं व्हीडीएसओमधून, म्हणजे सिस्टम कॉलशिवाय होतं. म्हणूनच पहिल्या व्हीएमच्या एस-ट्रेसमध्ये तुम्हाला क्लॉक_गेटटाइम दिसत नाही.

एचपीईटीचं उलटं. आधी सिस्टम कॉल, मग एचपीईटीचं रजिस्टर वाचायचं म्हणजे व्हीएम-एक्झिट, आणि तो एक्झिट केव्हीएममध्येही संपत नाही, थेट युजरस्पेसमधल्या क्यूईएमयूपर्यंत जातो कारण एचपीईटीचं इम्युलेशन तिथे आहे. एवढा मोठा वळसा एकदा वेळ विचारायला, आणि एक्सप्लेन अॅनालाइझ तर प्रत्येक ओळीला, प्रत्येक नोडला वेळ विचारतो. तुमचे पंधरा सेकंद तिथे गेले. पोस्टग्रेससोबत पीजी_टेस्ट_टायमिंग येतं, ते दोन्हीकडे चालवून बघा म्हणजे खात्री पटेल.

आता एक करा. गेस्टमध्ये सीपीयूआयडी नावाचं टूल टाकून लीफ ४००००००० काय येते ते सांगा, आणि होस्टवर त्या व्हीएमच्या लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या टूलच्या) एक्सएमएलमधला फीचर्सचा भाग इथे टाका.

रात्रपाळी

कर्नलवाला, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच मनापासून आभार. पीजी_टेस्ट_टायमिंग चालवलं, पहिल्यावर एका वाचनाला काही दहा नॅनोसेकंद आणि दुसऱ्यावर मायक्रोसेकंदात आकडे, म्हणजे तुमचं बरोबरच आहे.

प्रॉक-सीपीयूइन्फोत हायपरवायझर हा फ्लॅग दोन्हीकडे आहे. पण लीफ ४००००००० ला पहिल्यावर केव्हीएमची सही येते आणि दुसऱ्यावर काहीतरी असंबद्ध आकडे, कुठलीच अक्षरं जुळत नाहीत. एक्सएमएल उघडलं तर फीचर्समध्ये केव्हीएम टॅगच्या आत ‘हिडन स्टेट ऑन’ असं लिहिलेलं सापडलं. पहिल्या व्हीएममध्ये ही ओळच नाही. हेच का? आणि कुणी मुद्दाम केव्हीएम लपवेल कशाला?

दुसरं म्हणजे, दुसऱ्या व्हीएममध्ये डिस्क आणि नेटवर्क दोन्ही व्हर्टआयओच (खास व्हीएमसाठी बनवलेली डिव्हाइस) आहेत आणि ते व्यवस्थित चालतायत. ते पण पॅराव्हर्च्युअलच ना? मग गेस्टला केव्हीएम दिसत नसताना ते कसे दिसले? हे मला खूप खटकतंय.

होस्टवाली

हेच. मी वर्षभरापूर्वी अगदी याच ओळीवर दोन रात्री घालवल्यात म्हणून लिहितेय.

लपवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ग्राफिक्स कार्ड थेट विंडोज गेस्टला द्यायचं असायचं आणि काही ड्रायव्हर आपण व्हीएममध्ये आहोत हे कळलं की चालायला नकार द्यायचे. मग लोक ती हिडनची ओळ टाकायचे, क्यूईएमयूच्या भाषेत केव्हीएम=ऑफ. त्याने केव्हीएम बंद होत नाही, फक्त सही आणि फीचर्सची लीफ गेस्टला दाखवली जात नाही. ते टेम्प्लेट नंतर कुणीतरी लिनक्ससाठी कॉपी करतं, ओळ तशीच राहते, आणि कुठेही एरर येत नाही कारण गेस्टच्या दृष्टीने चुकलेलं काही नसतंच, त्याला कुणी देऊ केलं नाही म्हणून त्याने मागितलं नाही. याचा मला राग येतो खरं सांगायचं तर, की हळूपणा येतो पण एक ओळ लॉग येत नाही.

असंबद्ध आकड्यांबद्दल. इंटेलचा नियम असा आहे की जी लीफ नाहीये ती विचारली तर शून्य येत नाही, सगळ्यात वरच्या साध्या लीफचा डेटा परत येतो, आणि केव्हीएम तो नियमही इमानाने पाळतं. एएमडीवर असता तर शून्यं दिसली असती. त्यामुळे नुसत्या ४००००००० वर विश्वास ठेवायचा नसतो, आधी ३१ वा बिट आणि मग सहीची बाराच्या बारा अक्षरं तपासायची.

सिस्टमडी ‘क्यूईएमयू’ का म्हणालं तेही यातूनच कळतं. त्याला बिटवरून व्हीएम आहे एवढं दिसलं, सही ओळखता आली नाही, मग ते डीएमआयकडे (फर्मवेअरमधल्या मशीनच्या माहितीकडे) वळलं, तिथे सिस्टम व्हेंडर म्हणून क्यूईएमयू लिहिलेलं असतं. डीएमआय म्हणजे नुसती चिकटवलेली पाटी, ती होस्ट हवी तशी बदलू शकतो आणि कर्नल केव्हीएमच्या सोयी चालू करायला ती विचारत नाही. म्हणून कधीही शंका आली तर डीमेसेजमधली ‘हायपरवायझर डिटेक्टेड’ ही ओळ बघा, कर्नलचं स्वतःचं मत तेवढंच.

घड्याळ परत मिळेल पण त्याच्यासोबत अजून काय काय गेलं होतं तेही बघा. टॉपमध्ये (प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या टूलमध्ये) एसटीचा, म्हणजे स्टील टाइमचा, कॉलम दुसऱ्या व्हीएममध्ये कायम ० असेल. होस्टवर गर्दी नाही म्हणून नव्हे, तर स्टील टाइमच नोंदवला जात नाही म्हणून. तो पण तसाच, गेस्ट ४बी५६४डी०३ मध्ये पत्ता लिहितो तेव्हा होस्ट भरायला लागतो. त्याच ६४ बाइटच्या जागेत ‘प्रीएम्प्टेड’ असं एक छोटं फील्ड आहे, होस्टने तो व्हीसीपीयू बाजूला काढला की ते लावलं जातं, आणि ते फार कामाचं आहे. टीएलबी फ्लश करायचा असेल आणि समोरचा व्हीसीपीयू आत्ता चालूच नसेल तर त्याला आयपीआय पाठवून वाट बघत बसण्यात अर्थ नाही, गेस्ट त्या फील्डमध्ये ‘परत येशील तेव्हा फ्लश कर’ एवढी खूण करून पुढे जातो. म्हणजे टीएलबी फ्लशचा बिट असूनही स्टील टाइम नसेल तर गेस्ट ती सोय वापरत नाही. असे एकमेकांवर टेकलेले बिट आहेत.

स्पिनलॉकचं (लॉक सुटेपर्यंत जागीच फिरत वाट बघण्याचं) तर ८ व्हीसीपीयूवर चांगलंच जाणवतं. लॉक धरलेला व्हीसीपीयू होस्टने मध्येच बाजूला काढला की बाकीचे सात जण जागच्या जागी फिरत बसतात, होस्टला वाटतं काम चाललंय. पीव्ही-अनहॉल्ट असलं की थोडा वेळ फिरून ते हॉल्ट होतात आणि लॉक सोडणारा हायपरकॉल (होस्टला थेट केलेली विनंती) करून पुढच्याला उठवतो. एक अपवाद आहे, ईडीएक्समध्ये रिअलटाइमची हिंट दिली असेल तर कर्नल पीव्ही स्पिनलॉक मुद्दाम बंद ठेवतो, कारण होस्टने सांगितलेलं असतं की व्हीसीपीयू बाजूला काढले जाणार नाहीत, मग हॉल्ट होण्याचा खर्च कशाला. पिन केलेल्या व्हीसीपीयूवर ती हिंट बरी, गर्दीच्या होस्टवर खोटी हिंट दिली तर उलट त्रास.

कर्नलवाला

होस्टवाली यांनी माझं अर्धं उत्तर जास्त चांगलं लिहिलं. 

व्हर्टआयओची शंका अगदी योग्य आहे. ती वाट पूर्ण वेगळी आहे. व्हर्टआयओला सीपीयूआयडीशी देणंघेणं नाही, ती पीसीआय बसवरची साधी डिव्हाइस असतात. व्हेंडर आयडी हेक्स १एएफ४, आधुनिक डिव्हाइसचा आयडी १०४० मध्ये प्रकाराचा नंबर मिळवून, म्हणजे नेटवर्क १०४१ आणि ब्लॉक १०४२. बस स्कॅन करताना आयडी जुळला की ड्रायव्हर लागतो. खाली केव्हीएम आहे, नुसतं इम्युलेशन आहे की दुसराच हायपरवायझर, याने त्याला फरक पडत नाही. केव्हीएम लपवलं तरी पीसीआय बस लपलेली नाही.

पण वागायची पद्धत तीच, देणारा देऊ करतो आणि घेणारा निवडतो. ड्रायव्हर आधी स्टेटस रजिस्टरमध्ये ‘बघितलं’ अशी पोच देतो, मग ‘चालवता येईल’, मग डिव्हाइसने देऊ केलेले फीचर बिट वाचतो, त्यातले स्वतःला समजतात तेवढेच परत लिहितो आणि फीचर्स-ओके लावतो. मग ते स्टेटस *परत वाचायचं*, बिट टिकला नसेल तर डिव्हाइसला तो संच मान्य नाही. शेवटी ड्रायव्हर-ओके. सीपीयूआयडीवाल्या वाटेत ही परत तपासणी नाही, तिथे बिट वाचला आणि एमएसआर लिहिला की झालं. मला व्हर्टआयओचा हा भाग जास्त नेटका वाटतो.

खिडकीवाला

धागा वाचतोय म्हणून विचारतो, माझे काही विंडोज गेस्ट आहेत त्याच होस्टवर. त्यांना केव्हीएमची सही दाखवून काय उपयोग? आणि एचव्हीचे (हायपर-व्हीचे) पर्याय चालू केले तर लिनक्स गेस्ट गोंधळणार नाहीत का?

होस्टवाली

विंडोजला केव्हीएमची भाषा येत नाही, त्याला हायपर-व्हीची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरची, येते. म्हणून केव्हीएम तिथे हायपर-व्हीसारखं बोलतं. एचव्हीचे पर्याय दिले की ४००००००० वर मायक्रोसॉफ्टची सही बसते आणि केव्हीएमची सही १०० ने पुढे, ४००००१०० वर सरकते. कर्नलवाला म्हणाले ना दोन चेहरे, ते हे. विंडोज पहिल्याच ठिकाणी थांबतं, आपली ओळख एका एमएसआरमध्ये लिहितं, हायपरकॉलचं पान मागतं, आणि वेळेसाठी रेफरन्स टीएससीचं पान घेतं जे केव्हीएम-क्लॉकसारखंच आहे, मेमरीतून वाचा आणि गणित करा. विंडोज गेस्टला निदान एचव्ही-टाइम, रिलॅक्स्ड, व्हीएपिक आणि स्पिनलॉक्स एवढे तरी द्याच, नाहीतर तोही रात्रपाळींच्या दुसऱ्या व्हीएमसारखाच रखडतो.

लिनक्स गोंधळत नाही आणि त्याचं कारण छान आहे. कर्नल प्रत्येक हायपरवायझरच्या ओळखणाऱ्या फंक्शनला विचारतो आणि जो मोठा आकडा देईल तो जिंकतो. हायपर-व्हीचं फंक्शन ४००००००० देतं, केव्हीएमचं फंक्शन आपली सही जिथे सापडली तो पत्ता देतं, म्हणजे ४००००१००. मोठा आकडा केव्हीएमचा, त्यामुळे लिनक्स बरोबर केव्हीएम निवडतो.

रात्रपाळी

हिडनची ओळ काढली, गेस्ट आतून रीबूट केला, तरी अजून एचपीईटीच! काय राहिलं?

कर्नलवाला

आतून रीबूट केला की क्यूईएमयूची तीच जुनी प्रोसेस चालू राहते, तिला सीपीयूआयडीचे जुनेच आकडे माहीत आहेत. व्हीएम पूर्ण शटडाउन करा, होस्टवर तो ‘शट ऑफ’ दिसू दे, मग चालू करा.

रात्रपाळी

झालं! डीमेसेजमध्ये ‘हायपरवायझर डिटेक्टेड: केव्हीएम’ आलं, खाली केव्हीएम-क्लॉकची ओळ त्याच ४बी५६४डी०१ आणि ०० सकट, पीव्ही स्पिनलॉक चालू झाल्याची ओळ पण आहे. क्वेरी दोन सेकंदांवर, एक्सप्लेन अॅनालाइझ सव्वादोन. एस-ट्रेसमध्ये क्लॉक_गेटटाइम आता एकही नाही. आणि टॉपमध्ये एसटी ४ टक्के दिसतोय जो इतके दिवस ० होता, म्हणजे होस्टवर गर्दी आहे हे आम्हाला कळतच नव्हतं, उद्या आधी ते बघतो. त्या टेम्प्लेटवरून अजून अकरा व्हीएम काढलेले आहेत, त्यांच्या शटडाउनची वेळ मागायला बसलोय.